भुशीच्या पडवीत स्ट्रॉबेरी

भुशी म्हटले की डोळ्यांसमोर पावसाळाच येतो. धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी, भाजलेले कणीस, कांदाभजी आणि गाड्यांची रांग. रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या या छोट्या धरणावर आज लोणावळ्याचे पावसाळी पर्यटन उभे आहे. चहाची टपरी, कणसाची शेगडी, खोली भाड्याने देणे, रिक्षा चालवणे, अशी कितीतरी घरांची वर्षाची कमाई जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत व्हायची असते. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अल्लाह त्यांच्या घरच्यांना सब्र देवो. त्यानंतर प्रशासनाने पावसाळी पर्यटनावर वेळेचे निर्बंध घातले, आणि ते योग्यच होते. पण चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढणाऱ्या घरांपुढे प्रश्न उभा राहिला: हिवाळ्यात काय?

या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर स्ट्रॉबेरी नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. मोबाईलवर हल्ली 'गच्चीत स्ट्रॉबेरी लावा, लाखो कमवा' असे दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नादाला लागू नये. मात्र पडवीतल्या बारा कुंड्यांतून घरापुरते फळ नक्की निघते आणि नीट केले तर थोडासा हातभारही लागतो. कसा, ते पुढे सांगतो.

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीचे माहेर महाबळेश्वर-पाचगणी. तिथल्या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे भिलार मुळात स्ट्रॉबेरीचेच गाव. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे, आपले लोणावळे त्याच्या निम्म्याहूनही कमी, सव्वासहाशे मीटरच्या आतबाहेर. या फरकाचा अर्थ समजून घ्यावा. स्ट्रॉबेरीला दिवस लहान आणि रात्री थंड लागतात, तेव्हाच ती फुलावर येते. लोणावळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा रात्री मिळतात. पण मार्च अर्धा सरला की ऊन चढते, फळ बारीक पडते आणि रोप फुलांऐवजी पसरण्याच्या मागे लागते. महाबळेश्वरला जो हंगाम एप्रिलपर्यंत लांबतो, तो आपल्याकडे मार्चमध्येच आटोपतो, असे धरून चालावे.

आता योगायोग बघा. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होणारा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि २०३० मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान सुरू होतील. म्हणजे येती काही वर्षे स्ट्रॉबेरीचा ऐन बहर आणि इफ्तारचा दस्तरखान एकाच वेळी येणार आहेत. ज्या घरात यंदा एखाद्या लहानग्याची रोजाकुशाई आहे, त्या घराने तर दोन कुंड्या त्याच्या नावानेच लावाव्यात.

रोप कुठून आणावे? बियांच्या पाकिटांवर पैसे घालवू नयेत. बियांपासून रोप व्हायला महिने लागतात आणि फळ मूळ झाडासारखे येईल याची खात्री नसते. ऑनलाइन मिळणाऱ्या 'निळ्या स्ट्रॉबेरी'च्या बिया तर शुद्ध फसवणूक आहे, असे फळ जगात नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की रोपवाटिकेतून मुळे धरलेली रोपे आणावीत. पाचगणी-वाईकडे कोणी जाणारे असेल तर तिथून मागवावीत. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा हे वाण सर्रास मिळतात. नाबीला आणि रानिया असेही वाण तिकडे लावतात. नावे ऐकून घरातल्या मुलींनी आधी तीच मागितली तर नवल नाही! पहिल्यांदा लावणाऱ्यांनी स्वीट चार्ली घ्यावी. ती लवकर फळावर येते आणि आपला हंगाम आखूड असल्याने लवकर येणारा वाणच कामाचा.

कुंडी फार खोल नको. आठ इंची कुंडीत एक रोप, दोन फूट लांबीच्या आयताकृती कुंडीत तीन. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा कापून, तळाला सात-आठ भोके पाडूनही चालतो. आमच्याकडे निम्म्या कुंड्या असल्या डब्यांच्याच आहेत. मातीत चार भाग तांबडी माती, तीन भाग कोकोपीट आणि तीन भाग गांडूळखत मिसळावे, वर मूठभर निंबोळी पेंड. लोणावळ्याची नुसती माती भरली तर ती पाण्याने घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

लावताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. रोपाच्या मध्यभागी, मुळांच्या वर आणि पानांच्या खाली, एक जाडसर गड्डा असतो. नवी पाने आणि फुले तिथूनच निघतात. हा गड्डा मातीत गाडला गेला तर सडतो, फार वर राहिला तर मुळे उघडी पडून सुकतात. त्याचा तळ मातीच्या पातळीला आणि माथा उघडा, असे बसवावे. स्ट्रॉबेरी लावलेल्या दहा घरांत रोपे मेली असतील तर त्यातल्या बहुतेकांचे कारण इथेच सापडते.

पहिले दोन-तीन आठवडे आलेली फुले खुडावीत. मुलांना हे क्रूर वाटते, त्यांची समजूत काढावी लागते. पण मुळे आणि पाने भरली नाहीत तर पुढचे फळ बोराएवढेच राहते. ऊन रोज सहा तास तरी हवे, म्हणून कुंड्या पडवीच्या किंवा गच्चीच्या दक्षिण वा पूर्व कडेला ठेवाव्यात. रोप जमिनीवर वेलीसारखे जे लांब दोर सोडते, ज्यांना शेतकरी रनर म्हणतात, ते फळ चालू असेपर्यंत कापत राहावे.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर. हिवाळ्यात एका कुंडीला दिवसाला पाव लिटर पाणी पुरते, बारा कुंड्यांना तीन लिटर. नळ सोडून केलेल्या एका वजूत एवढे पाणी सहज जाते. वाहत्या नदीच्या काठीही वजूत पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. नळाखाली परात ठेवली तर त्या पाण्यावर, साबण नसल्यामुळे, रोपे खुशाल वाढतात. पाणी सकाळी, मुळाशी द्यावे, पानांवर आणि फळांवर शिंपडू नये. बोट मातीत पेरभर घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

फुले उमलली की मातीवर भाताचा पेंढा पसरावा. मावळात त्याची कमतरता नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीने तालुक्याची खाचरे भरलेली असतात आणि कापणीनंतर शेजारीपाजारी कोणीही दोन पेंढ्या देते. फळ ओल्या मातीला टेकले की त्यावर करडी बुरशी येते. पेंढ्यामुळे ते कोरडे राहते.

स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे तिळासारखे बारीक दाणे दिसतात, तीच शास्त्राच्या दृष्टीने खरी फळे आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. प्रत्येक दाण्याचे परागीभवन नीट झाले तरच त्याखालचा गर भरतो, नाहीतर फळ वेडेवाकडे होते. पडवीला जाळी असेल आणि मधमाश्या येत नसतील तर मऊ ब्रश सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलातून हलकेच फिरवावा. हे काम सात-आठ वर्षांच्या मुलींच्या हातचे. त्या मोठ्यांपेक्षा सावकाश करतात.

जाळी मात्र हवीच. लावलेल्या झाडाचे पक्ष्याने, जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या खाती सदका लिहिला जातो, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे, आणि बुलबुलाने दोन फळे नेली तर वाईट वाटून घेऊ नये. पण लोणावळ्याची माकडे दोन फळे नेत नाहीत, कुंडी नेतात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचाव्यात. पानांखाली बारीक जाळे आणि तांबडे ठिपके दिसले तर कोळी समजावा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थेंबभर पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. रासायनिक औषध नको, कारण घरातली मुले हे फळ झाडावरूनच तोंडात टाकणार.

मिळते किती? चांगल्या जोपासलेल्या रोपाला हंगामात दोनशे ते अडीचशे ग्रॅम. बारा कुंड्यांतून अडीच-तीन किलो, म्हणजे दोनशेच्या आसपास फळे. त्यातली निम्मी रमजानात पिकली तर रोज इफ्तारला तीन-चार येतात. पाच माणसांच्या घरात कापून वाटावी लागतात. कमी वाटेल, पण चव पाहावी. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, फक्त मऊ पडते. बाजारचे फळ प्रवासात टिकावे म्हणून खांदा पांढरा असतानाच तोडतात. कुंडीतले देठापर्यंत लाल होऊ देता येते. शंभर ग्रॅममध्ये साखर पाचेक ग्रॅमच आणि क जीवनसत्त्व संत्र्याएवढे. खजुराने रोजा सोडल्यावर पुढचा गोडवा म्हणून मधुमेह असलेल्या दादी-नानींना, डॉक्टरांना विचारून, हे फळ बरे. आणि एखाद्या रविवारी वाटीभर जमलीच तर साखर आणि लिंबाचा रस घालून मुरंबा करावा. बाजारच्या गुलाबी जेलीत जिलेटिन कशाचे, हे लेबल चाळत बसण्याची गरज राहत नाही.

राहिला कमाईचा प्रश्न. तीन किलो फळ विकून काही होत नाही. विकायचे असेल तर रोप विकावे. मार्चनंतर दिवस मोठे झाले की तेच रनर, जे आपण आतापर्यंत कापत होतो, वाढू द्यावेत. एका सशक्त झाडाला दहा-पंधरा सहज येतात. प्रत्येकाचे टोक मातीच्या छोट्या पिशवीवर टेकवून तारेच्या आकड्याने दाबले की तीन-चार आठवड्यांत मुळे धरते, मग दोर कापावा. स्वीट चार्लीसारख्या जुन्या वाणाची अशी रोपे ऑक्टोबरात तयार असतात. डिसेंबरात फळ लागलेली कुंडी शनिवार-रविवारी येणारा पुण्या-मुंबईचा पाहुणा चिक्कीबरोबर हौसेने नेतो. दहा मातृरोपांवरून शंभर पिशव्या होऊ शकतात, त्यातल्या साठ-सत्तर पावसातून वाचल्या तरी खूप समजावे.

पाऊस हीच खरी परीक्षा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि उघड्यावरचे एकही रोप त्यात टिकत नाही. फळ देऊन झालेली जुनी रोपे महाबळेश्वरचे शेतकरीही दरवर्षी बदलतात, त्यांचा मोह ठेवू नये. पिशव्या मात्र जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी पडवीत, भिंतीपासून हातभर अंतरावर, फळीवर मांडाव्यात, पाणी आठवड्यातून दोनदाच द्यावे आणि पिवळे पान दिसले की त्याच दिवशी काढून टाकावे.