पाठीचा बाक : शाळकरी वयातला आणि साठीतला

स्कोलिऑसिसमध्ये पाठीचा कणा एका बाजूला वळतो आणि सोबत स्वतःभोवती पिळलाही जातो. त्या पिळामुळे बरगड्या उचलल्या जाऊन पाठीवर एकीकडे उंचवटा दिसतो. बाकाचा कोन अमेरिकी अस्थितज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मोजतात. तो १० अंश वा अधिक असला की स्कोलिऑसिस म्हणतात.

वयात येणाऱ्या मुलांत शंभरात दोन-तीन जणांना असा बाक असतो. बहुतेकांना उपचार लागत नाहीत. वाढत जाणारे मोठे बाक मुलींत कितीतरी जास्त. नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही, पण हे आजीला पटवणे कठीण. सहसा फारसे दुखत नसल्याने घरात कुणाचे लक्ष जात नाही. पुण्याजवळच्या ताथवडे-पुनावळ्याच्या सोसायट्यांत आईवडील हिंजवडीला कामावर आणि मुलगी शाळेच्या बसमध्ये असते. बाक पहिल्यांदा ध्यानात येतो तो गणवेश शिवणाऱ्या शिंप्याच्या. एक खांदा खाली, घेर एका बाजूने वर. पाय जुळवून मुलीला पुढे वाकायला लावावे आणि मागून पाहावे. पाठ एकीकडे उंच दिसली, तर एक्स-रे हवाच. जवळच संत तुकारामनगरला पिंपरी-चिंचवड महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. पुण्यात १९६५ पासूनचे संचेती रुग्णालय आहे.

वाढ शिल्लक असून कोन २५ ते ४० अंशांत असेल तर पट्टा, म्हणजे ब्रेस, देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांखाली राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्क्यांचा. कोन ४५-५० अंशांपुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण असे मोठे बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण अंशभर वाढू शकतात. म्हणजे मुलीचे ऑपरेशन आजच्या दुखण्यासाठी नसते, पुढच्या चाळीस वर्षांसाठी असते.

मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळ्यांनी कणा सरळ करतात आणि वर हाडाचा चुरा पसरतात. सळ्या आधार देतात; खरे काम मणके एकमेकांत जुळून येण्याचे. त्या वेळी मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहतात. पूर्वी रुग्णाला ऑपरेशन चालू असतानाच जागे करून पायाची बोटे हलवायला सांगत. या वयात कणा लवचीक आणि हाड टणक असल्याने बाक निम्म्याहून अधिक सुधारतो, शाळा महिना-दीड महिन्यात सुरू होते. मज्जातंतूंना इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा कमीच.

प्रौढांचे गणित निराळे. काहींचा लहानपणचा बाक वाढलेला असतो, काहींना पन्नाशीनंतर चकत्या झिजून कमरेत नवाच येतो. इथे निर्णय कोनावर कमी आणि तक्रारीवर जास्त ठरतो: कंबर दुखणे, चालताना पायाला मुंग्या येऊन बसावे लागणे, अंग पुढे झुकणे. आधी व्यायाम, औषधे, इंजेक्शन. कधी फक्त दबलेली नस मोकळी करून भागते. पूर्ण दुरुस्तीत मात्र आखडलेला कणा हाड कापून सैल करावा लागतो आणि अनेकदा स्क्रू थेट कटीच्या हाडापर्यंत जातात. मग मांडी घालून बसणे, पायाची नखे काढणे, भारतीय संडास वापरणे अवघड होते. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे, आणि रुग्णाने विचारायला. लहानमोठ्या गुंतागुंती तिघांत एकाहून अधिक जणांना होतात, पुन्हा ऑपरेशनची वेळही येते, सावरायला सहा महिने ते वर्ष लागते. त्यामुळे हाडांची घनता आणि साखर आधी तपासतात. तंबाखू बंद, आणि मशेरीही. निकोटिनमुळे हाड जुळत नाही.

तरीही नीट निवडलेल्या प्रौढांना दुखण्यात खरा आराम मिळतो. निवड करताना डॉक्टरांना बाक किती वाढला हे पाहावे लागते. म्हणून जुन्या एक्स-रेच्या फिल्म रद्दीत देऊ नयेत.