इंजिन माउंट

इंजिन माउंट हा वाहनाचे इंजिन सांगाड्याला जोडणारा व त्याची कंपने शोषणारा लवचिक आधार होय. गिअरबॉक्सच्या अशाच आधारास गिअरबॉक्स माउंट म्हणतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ असेही म्हटले जाते.

कार्य

बहुतेक मोटारींत इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने घट्ट जोडलेले असून दोहोंचा भार सर्व माउंट मिळून पेलतात. चाकांना पीळ देताना इंजिनावर होणारी उलट प्रतिक्रियाही त्यांच्यावरच येते. चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालताना सेकंदाला सुमारे २७ ज्वलने होतात. त्यांचे हादरे मऊ रबर बऱ्याच अंशी अडवते.

कठीण माउंटांचा वापर

शर्यतीच्या मोटारींत पॉलियुरेथेनचे किंवा धातूचे माउंट बसवतात. त्यामुळे इंजिनाची हालचाल घटते; मात्र केबिनमधील कंपने वाढतात. एकच माउंट कठीण केल्यास बराचसा भार त्याच्यावर एकवटतो आणि ब्रॅकेटला तडे जाण्याचा धोका संभवतो. सर्वच माउंट धातूचे असल्यास सांगाड्याचा पीळ इंजिन व गिअरबॉक्सच्या आवरणांपर्यंत पोहोचतो. म्हणून माउंटांचा कठीणपणा संपूर्ण संच विचारात घेऊन ठरवतात.

ट्रॅक्टरमधील रचना

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामात ज्या ट्रॅक्टरांवर अवलंबून असतात, त्यांपैकी बहुतेकांत इंजिन, गिअरबॉक्स व मागील आसाचे आवरण थेट जोडलेले असते. हीच जोडणी सांगाड्याचे काम करते. तिथे इंजिनाखाली रबर नसल्याने हादरे चालकाच्या आसनापर्यंत अधिक प्रमाणात पोहोचतात.