फुटलेल्या ताकाची करामत

कढी फुटली की घरात कुणीतरी हळहळतंच. बेसन कमी पडलं, आच मोठी झाली, ढवळायला उशीर झाला. पातेल्यात गुठळ्या वेगळ्या आणि हिरवट पाणी वेगळं. हिमालयात हाच अपघात लोक मुद्दाम घडवून आणतात, आणि त्यातून जे निघतं ते दाताने तुटत नाही! छुर्पी तिचं नाव.

ही गोष्ट गोंदिया जिल्ह्यात सुचावी, हे वाटतं तितकं विचित्र नाही. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. भोवती धानाच्या बांध्या, डोक्यावर विदर्भाचं ऊन. इथे याक टिकायचा नाही. (याक म्हणजे फक्त नर बरं का, मादी ती द्री. त्यामुळे ‘याकचं दूध’ म्हटलं की तिबेटी माणसाला हसू येतं.)

तिबेटच्या पठारावर दुधातलं लोणी चहात जातं. उरलेलं ताक उकळायचं. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण एरवी एकमेकांना दूर लोटत तरंगत असतात. ताकाचा आंबटपणा ही लोटालोटी थांबवतो आणि आच लागली की ते एकमेकांना घट्ट बिलगतात. कढीत बेसनाचा स्टार्च मध्ये शिरून त्यांना तसं करू देत नाही. म्हणून तर आपण बेसन लावतो. तिबेटी बाई लावत नाही. गुठळ्या फडक्यात बांधायच्या, पिळायच्या, दगडाखाली दाबायच्या. ताजी, मऊ छुर्पी रश्श्यात किंवा चटणीत जाते. उरलेलीचे तुकडे कापून उन्हात नाहीतर चुलीवरच्या धुरात वाळवतात. स्निग्धांश आधीच लोण्यात गेलेला, पाणीही उडालेलं. मग राहतो तो जवळजवळ प्रथिनाचा दगड. गालात धरून तासभर चघळायचा.

हे कळल्यापासून किराणा दुकानातल्या फ्रिजसमोर माझा वेळ जास्त जातो. पनीर छुर्पीचं सख्खं भावंड: आंबट आणि आच, बस्स. म्हणून ते तव्यावर खरपूस होतं, वितळत नाही. मोझरेला विकराने विरजलेलं. त्यातल्या प्रथिनांचे धागे गरम झाले की एकमेकांवरून घसरतात, म्हणून पिझ्झ्यावर तार सुटते. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते विकर वासराच्या जठरातलं नसतं, बहुधा सूक्ष्मजीवांकडून मिळवलेलं असतं. आणि मुलांचे लाडके चौकोनी क्यूब? तयार चीज वितळवून, क्षार घालून पुन्हा थापलेलं. सोयीचं आहे, पण चवीला मला ते पोरकट वाटतं. चक्का मात्र यांच्या पंक्तीत मानाने बसतो, फक्त त्याला कुणी चीज म्हणत नाही.

छुर्पीचं पुढे काय झालं, ते ऐका. नेपाळमधून ती अमेरिकेत जाते आणि तिथे महागड्या पाकिटांत, कुत्र्यांनी चघळायची कांडी म्हणून विकली जाते.

तुम्ही एवढंच करा: वाटीभर नव्हे, चांगलं लिटरभर आंबट ताक बेसन न लावता मंद आचेवर ठेवा, फुटलं की फडक्यात बांधा. जे हाती येईल त्यात मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची घाला. भाकरीबरोबर फार छान लागतं.