पाय सपाट असले म्हणून काय झाले?

मुंबईहून आलेले विमान लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरते. लखनौ-अयोध्येच्या सहलीला निघालेले एखादे मराठी कुटुंब त्यात हमखास असते. मुले पुढे धावतात, यजमान सामानाची गाडी ढकलत असतात आणि गृहिणी मात्र मागे मागे पडत जाते. 2024 साली सुरू झालेले इथले नवे टर्मिनल प्रशस्त आहे, पण प्रशस्त म्हणजे चालणेही तितकेच. दुसऱ्या दिवशी बडा इमामबाडा पाहायचा तर जोडे बाहेर काढून कठीण फरशीवर अनवाणी फिरायचे, भुलभुलैयाचे जिने चढायचे. संध्याकाळी ती हॉटेलच्या खोलीत पाय चेपत बसते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘‘तुला चालायची सवयच राहिली नाही.’’

पण दोष दर वेळी सवयीचाच असतो असे नाही. कित्येकींचे तळवे जन्मापासूनच सपाट असतात आणि त्या वर्षानुवर्षे चुकीची पादत्राणे घालत असतात.

ओळखायचे कसे?

पाय ओला करून कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. टाच व चवडा यांना जोडणारी बाहेरच्या बाजूची पट्टी उमटली आणि आतली बाजू कोरी राहिली, तर पायाला कमान आहे. संपूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट आहे.

आता चवड्यांवर उभे राहा. टाचा उचलताच कमान दिसू लागली तर पाय लवचिक आहे. असा पाय दुखत नसेल तर तो आजार नव्हे. भारतीय हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांतही चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचिक असून दुखत नसेल आणि उमेदवार नीट धावू शकत असेल, तर त्याला अपात्र ठरवत नाहीत.

त्रास होतो तो भार नीट न पेलल्यामुळे. कमान दबली की घोटा आत कलतो, त्याच्या आतल्या बाजूच्या स्नायुबंधावर ताण येतो. मग पोटऱ्या भरून येतात, कधी गुडघेही कुरकुरतात.

मुलांच्या बाबतीत घाई नको

तान्ह्या बाळाचे तळवे सपाटच दिसतात. कमान हळूहळू, साधारण दहाव्या वर्षापर्यंत आकार घेते. म्हणून न दुखणाऱ्या पायासाठी महागडे ‘दुरुस्तीचे बूट’ आणायची गरज नसते. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, लवचिक सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षे असे बूट घालूनही कमानीत त्यामुळे फरक पडला नाही, असे आढळले.

आपल्या देशातला अभ्यास तर अधिकच बोलका आहे. कर्नाटकातील मणिपालच्या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पाऊलखुणा तपासून 1992 साली निष्कर्ष मांडले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण 8.6 टक्के होते, तर अनवाणी वावरणाऱ्यांत अवघे 2.8 टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. तेव्हा अंगणात, वाळूत, हिरवळीवर मुलांना खुशाल अनवाणी खेळू द्या.

खरेदी करताना

मोठ्यांचे पाय दुखत असतील तर मात्र बूट पारखूनच घ्यावा. किंमत किंवा मऊपणा पाहून भुलू नका. बोट रुतेल इतका मऊ बूट दुकानात सुखद वाटतो, पण तासाभरात पाय आत कलंडू लागतो. दुकानातच या गोष्टी पाहा :

* टाचेमागचा भाग दाबा. तो कडक हवा, चेपला जाता कामा नये.
* बूट वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये.
* टॉवेल पिळतात तसा पिळून पाहा. सहज पिळला गेला तर परत ठेवा.
* आतला सुखतळा काढता येतो का, ते विचारा. म्हणजे त्या जागी कमानीला आधार देणारा सुखतळा बसवता येईल.
* खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचे माप घ्या आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवा.

कमानीचा आधार टोचत असेल तर तो तुमच्यासाठी नाही. नवा सुखतळा पहिल्या दिवशी तासभरच वापरा, मग वेळ वाढवत न्या.

साडीवर बूट शोभत नाहीत, ही अनेकींची अडचण असते. त्यांनी मागे पट्टा असलेली, आत कमानीचा उंचवटा असलेली सँडल घ्यावी. कोल्हापुरी चप्पल देखणी खरी, पण तिचा तळ सपाट आणि टाच मोकळी. लग्नसमारंभात तास-दोन तास ठीक, दिवसभराच्या भटकंतीला नको.

घरातही काळजी

ओट्यापाशी तासन्‌तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या गृहिणीला फरशीचा त्रास अधिक होतो. घरात वापरायला आधार देणारी वेगळी चप्पल ठेवा. रोज भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, दहा-पंधरा वेळा टाचा उचला, पायाच्या बोटांनी जमिनीवरचा नॅपकिन गोळा करा. कमान नव्याने उभी राहील असे नाही, पण स्नायूंना बळ येईल.

चाळिशीनंतर एकच पाय नव्याने सपाट होऊ लागला, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली किंवा एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. मधुमेहींनी पाय बधिर वाटत असल्यास स्वतःच्या मनाने सुखतळे वापरू नयेत. मुलाचा पाय दुखत असेल किंवा चवड्यावर उभे राहूनही कमान दिसत नसेल, तरी तपासणी हवीच.

पायांचे दुखणे घरातली बाई सर्वांत शेवटी सांगते आणि घरचे ते सर्वांत शेवटी मनावर घेतात. पुढच्या सहलीची तिकिटे काढण्याआधी तिच्या पायांत काय आहे, तेवढे एकदा पाहा. मग अमौसीला उतरल्यावर कुणाला मागे वळून तिची वाट पाहावी लागणार नाही.