आठशे सीसीला फुंकर

मारुती ८०० भारताच्या रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ला. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चाळिशीच्या आतली अश्वशक्ती आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. एकटा माणूस घेऊन ती भुर्रकन निघायची. पण घरचे चौघे, डिकीत सामान आणि वर एसी असला की वर्ध्याहून बुटीबोरीकडे जाताना तिचा जीव कळायचा. पुढचा ट्रक ओलांडायचा तर आधी एसीचं बटण बंद करायचं आणि मगच तिसरा गिअर टाकायचा, हा रिवाज विदर्भातल्या प्रत्येक ८००वाल्याने पाळला आहे. ‘हिला काही बसवता येईल का?’ हा प्रश्न तिथून सुरू झाला आणि चाळीस वर्षं या ना त्या रूपात गॅरेजांत फिरत राहिला.

सुरुवातीची उत्तरं घरगुती होती. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, कार्बोरेटरचा जेट मोठा करायचा, सायलेन्सर मोकळा करायचा. पिकअप किंचित सुधारे, अ‍ॅव्हरेज मात्र पडे. त्या काळातलं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं, त्यामुळे हेड जरा जास्त घासलं की चढावर इंजिन टकटक करू लागे. पेट्रोल जास्त सोडणं सोपं असतं, अडतं ते ते जाळायला लागणाऱ्या हवेवर. इंजिन हवा स्वतः ओढतं आणि एका हद्दीपलीकडे ओढू शकत नाही. हवा दाबून आत ढकलणारं यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, इथे कामाला येतं. टर्बोसुद्धा हेच करतो. फरक एवढाच की टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६०च्या सुमारास दोन पाकळ्यांचा ब्लोअर बनवला, तो पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना हवा देण्यासाठी गाजला. १८८५मध्ये गॉटलीब डाइमलरने इंजिनात हवा दाबण्याचं पेटंट घेतलं. मर्सिडीजने १९२१मध्ये ब्लोअर लावलेल्या गाड्या बाजारात दाखवल्या. सगळ्यांत प्रसिद्ध झाली ती १९२९ची ब्लोअर बेंटली. टिम बर्किन या शर्यतपटूच्या हट्टापायी आणि डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंच्या पैशावर ती उभी राहिली. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ती पसंत नव्हती. १९३०च्या ल मांसमध्ये या गाड्या शर्यत पुरी न करताच बाहेर पडल्या. आज त्यांना मिळणारी किंमत पाहून लोक हे विसरतात. कमी खर्चाशी या घराण्याचा संबंध मुळातच कमी.

स्वस्तातली शाखा दुसऱ्या महायुद्धानंतर निघाली. इंग्लंडमध्ये शॉरॉक कंपनीचे ब्लोअर मॉरिस मायनरसारख्या छोट्या गाड्यांना लागू लागले, अमेरिकेत जडसन कंपनीने फोक्सवॅगन बीटलसाठी तयार संच विकले. या सगळ्यांची युक्ती एकच होती: कार्बोरेटर आधी, ब्लोअर नंतर. पेट्रोल मिसळलेली हवाच ब्लोअर ओढायचा आणि इंजिनात ढकलायचा. कार्बोरेटरला दाबाचा त्रास नाही, नवी इंधनव्यवस्था नाही, एक ब्रॅकेट आणि एक पुली लेथवर करून घेतली की बहुतेक काम उरकलं. आपल्या ८००च्या कार्बोरेटरलाही हीच पद्धत सोयीची होती.

अडचण वर्ध्याच्या उन्हाळ्यात आहे, आणि कागदावर ब्लोअर बसवणारे ती कधी मोजत नाहीत. मे महिन्यातली ४५ अंशांची इथली हवा मुळात विरळ असते. समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत दहा-बारा टक्के कमीच. ती ०.४ बार एवढ्या माफक दाबाने ढकलली तरी रूट्स पद्धतीच्या ब्लोअरमधून बाहेर पडताना तिचं तापमान शंभर अंशांच्या जवळ जातं. पेट्रोलचं बाष्प होताना थोडी उष्णता शोषली जाते, पण बाकीची इंजिनात जातेच. हवा थंड करायला मध्ये इंटरकूलर हवा. मात्र कार्बोरेटर आधी असेल तर इंटरकूलर लावता येत नाही. पेट्रोल त्यात साचतं आणि एक उलटा भडका उडाला की बॉनेट उघडायचीही सवड मिळत नाही. म्हणजे जी पद्धत खिशाला परवडते तीच इथल्या उन्हाला परवडत नाही. लंडनच्या थंडीत जमून गेलेली गोष्ट सेलू-पुलगावच्या उन्हात पिस्टन खाते. म्हणून कॉम्प्रेशन उतरवायला जाड गास्केट, मोठा रेडिएटर, पाण्याचा फवारा, तगडा क्लच अशी यादी लांबत जाते आणि ब्लोअर हा तिच्यातला स्वस्त भाग ठरतो.

शिवाय ब्लोअर आणायचा कुठून? पाश्चात्त्य देशांत तो भंगारातून मिळतो. २००१नंतरच्या मिनी कूपर एसमध्ये ईटन कंपनीचा ब्लोअर होता, जपानी सुबारू व्हिव्हिओमध्ये आइसिनचा छोटा. आपल्या भंगारबाजारात असल्या गाड्या आल्याच नाहीत. मग विजेवर चालणाऱ्या ‘टर्बो’चं पीक आलं. नळीत बसवायचा प्लास्टिकचा पंखा, किंमत हजार-दोन हजार. जिनिंगमध्ये हवेच्या जोरावर कापूस ओढणारे पंखे रोज पाहणाऱ्या गावात ही कल्पना पटायला वेळ लागत नाही. हिशेब मात्र साफ आहे. ८००चं इंजिन ५५०० फेऱ्यांना मिनिटाला जास्तीत जास्त २२०० लिटर हवा घेतं. त्यात चाळीस टक्के भर घालायची तर ब्लोअर फिरवायला तीन किलोवॅटहून जास्त शक्ती लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे अडीचशेहून जास्त अँपिअर झाले. एवढा करंट स्टार्टर काही क्षण खातो, आणि तेवढ्यातही दिवे मंद होतात. नळीतला पंखा हवेची वाट अडवतो, बाकी काही करत नाही.

खरी चुटपुट वेगळीच आहे. सुझुकीने १९८७मध्ये जपानात अल्टो वर्क्स काढली. ५४३ सीसी, टर्बो, इंटरकूलर आणि ६४ अश्वशक्ती. आपल्या ८००च्याच इंजिनकुळातलं हे धाकटं भावंड, आणि ताकद दीडपटीहून जास्त. भारतात ते आलं नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. त्या काळी गाडी घेणारा शोरूममध्ये पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचाच विचारी. २००० साली कारखान्याने ८००ला बारा व्हॉल्व्ह, मल्टिपॉइंट इंजेक्शन आणि पाचवा गिअर दिला आणि ४५ अश्वशक्ती मिळाली. गॅरेजमधला घरगुती ब्लोअर सगळी उठाठेव करून जेवढं देऊ शकला असता, त्याच्या आसपास हे कारखान्यातून गॅरंटीसकट आलं.

ताकद वाढवण्याच्या बाबतीत वर्ध्याचा इतिहास तसा उलटाच आहे. जमनालाल बजाज यांच्या फोर्डला बैल जुंपून सेवाग्रामच्या वाटेवर पाहुणे नेल्याची आठवण इथे सांगितली जाते, त्या गाडीला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. त्याच घराण्याच्या कंपनीने पुढे २००३मध्ये पल्सरला एका सिलिंडरमध्ये दुसरा स्पार्क प्लग देऊन ज्वलन सुधारलं, हवा दाबण्याच्या भानगडीत न पडता. २०१९मध्ये आली २१६ सीसीची छोटी चारचाकी क्यूट, जिचा वेगच ताशी ७० किलोमीटरवर बांधलेला. काटकसरीचं इंजिनिअरिंग म्हणून मला तो दुसरा प्लग कुठल्याही ब्लोअरपेक्षा सरस वाटतो.

डिझेलवाल्यांनी मात्र फुंकर लवकर स्वीकारली. पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका डिसेंबर १९९८मध्ये आली, तिचं १४०० सीसीचं डिझेल इंजिन टर्बोविना होतं. टॅक्सीवाल्यांनी ती चालवून चालवून झिजवली, आणि काही वर्षांनी त्याच इंजिनाला टर्बो लागला. डिझेलमध्ये टकटकीची भीती नसते, म्हणून हवा दाबणं तिथे सोपं.

पेट्रोलच्या छोट्या इंजिनाला टर्बो मिळाला तो वेगाच्या हौसेतून नव्हे, अर्थसंकल्पातून. २००६मध्ये चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. इंजिन वाढवलं की कर वाढतो, तेव्हा लहान इंजिनात जास्त हवा कोंबणं कंपन्यांना परवडू लागलं. २०१३मध्ये फोर्ड इकोस्पोर्टचं ९९९ सीसीचं इंजिन आलं, १२५ अश्वशक्तीचं. २०१४मध्ये टाटा झेस्ट, २०१७मध्ये बलेनो आरएस.

गॅरेजची वाट त्याच सुमारास कायद्यानेही बंद केली. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत गाडीमालकाला फेरफार करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. एमएच-३२ची पाटी लावून ब्लोअरची ८०० आरटीओसमोर न्यायची हिंमत आता कोणी करू नये. बंद आवारात, कॉलेजच्या प्रकल्पासाठी करायचं असेल तर गोष्ट निराळी. तिथेही आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं, कारण थकलेल्या इंजिनावर दाब टाकणं म्हणजे ते लवकर संपवणं.

गंमत म्हणजे पेट्रोल आता या कामाला जास्त लायक झालं आहे. वीस टक्के इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, बाष्प होताना ते जास्त उष्णता शोषतं, आणि दाबलेल्या हवेला हेच हवं असतं. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात प्रत्येक टाकीचा पाचवा भाग अल्कोहोल आहे, आणि कोणाची तक्रार असलीच तर ती अ‍ॅव्हरेजची.

पहिल्या टर्बो पेट्रोल गाड्या आता सेकंडहँड बाजारात उतरल्या आहेत. एकेकाळी जेट मोठे करून देणारे मिस्त्री आज इंटरकूलरचे पाइप फाटलेत का ते चाचपतात, आणि उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावरून ताशी १२०ने आलेल्या गिऱ्हाइकाला गाडी लगेच बंद करू नका म्हणून सांगतात. टर्बोचं बेअरिंग गरम असताना ऑइलचा प्रवाह थांबला की ऑइल तिथेच करपतं, आणि नवा टर्बो जुन्या ८००च्या किमतीत जातो.