घेणारा कर्ण

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारात एक अतिथिगृह आहे. नाव 'निजाम गेस्ट हाऊस'. १९३२ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला पैशांची चणचण भासत होती, तेव्हा संस्थेने हैदराबादच्या सातव्या निजामाकडे, मीर उस्मान अली खान यांच्याकडे शब्द टाकला. त्यांनी छपाईसाठी अकरा वर्षे दरसाल १,००० रुपये आणि अतिथिगृहासाठी ५०,००० रुपये मंजूर केले. मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात होता, म्हणजे त्या खजिन्यात आपल्याकडचा शेतसाराही पडत होता.

कर्णाचा आढावा या इमारतीपासून सुरू करायचा, कारण हैदराबादने कर्णाच्या बाबतीत दोन उलट कामे केली. जुन्या हैदराबादने कर्णकथेच्या छाटणीला हातभार लावला. नव्या हैदराबादने तीच कथा पडदाभर वाढवली.

रेषेच्या वर, रेषेच्या खाली

१९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९२५ पासून वि. सी. सुकथनकरांनी शिस्तीला लावलेले चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये संपले. १,२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. त्यांत तेलुगू लिपीतल्या पोथ्याही होत्या. प. ल. वैद्यांनी संपादलेले कर्णपर्व १९५४ चे. या आवृत्तीचे कुठलेही पान उघडा: वर ठसठशीत अक्षरांत स्वीकारलेली संहिता, मध्ये आडवी रेघ, खाली बारीक टायपात पाठभेद आणि तारांकित प्रक्षिप्त ओळी. त्या रेघेखाली गेलेल्यांत स्वयंवरातला तो प्रसिद्ध नकारही आहे. सूतपुत्राला वरणार नाही, हे द्रौपदीचे वाक्य टीकाकार नीलकंठाच्या पाठात सापडते, पण पुण्याच्या संहितेने ते मूळचे मानलेले नाही. कर्णाच्या ज्या अपमानावर आपण आयुष्यभर हळहळलो, तो त्याला मागाहून कोणीतरी बहाल केलेला होता.

रेघेच्या वर उरले तेही थोडके नाही. सूर्याने स्वप्नात बजावूनही इंद्राला दिलेली कवचकुंडले आहेत. युद्धाआधी कृष्णाने जन्माचे गुपित सांगितल्यावरही न सोडलेली दुर्योधनाची बाजू आहे. आणि भर सभेत द्रौपदीला वेश्या ठरवणारा कर्णही तिथेच आहे. चाहते ते पान मुकाट्याने उलटतात.

मराठी वाचकाला हे दोन्ही कर्ण जवळपास एकदमच भेटले. चिकित्सक आवृत्ती पुरी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्व्यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. इरावतीबाईंनी संहिता समोर ठेवून कर्णाचे माप काटेकोर घेतले, सावंतांनी त्याला स्वतःचा आवाज दिला. त्याआधी शिरवाडकरांनी 'कौंतेय' नाटक लिहिले होते, नंतर रणजित देसाईंनी 'राधेय' लिहिली. लोककलाकार मात्र या सर्वांच्या पुढे गेले होते. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या 'जांभूळ आख्याना'त द्रौपदी कर्णाची ओढ कबूल करते. पोथीतल्या नकाराला लोकांनी दिलेला हा जबाबच म्हणायचा.

एकाच संक्रांतीला दोन कर्ण

आता हैदराबाद. १४ जानेवारी १९७७ च्या संक्रांतीला तेलुगू चित्रगृहांत कर्णाच्या दोन स्वाऱ्या एकाच दिवशी आल्या. 'कुरुक्षेत्रम'मध्ये कर्ण होता कृष्णम राजू. 'दान वीर शूर कर्ण'मध्ये निर्माते-दिग्दर्शक नंदमुरी तारक रामाराव स्वतः कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण अशा तिन्ही भूमिकांत. त्यांचे दोन चिरंजीव, हरिकृष्ण अर्जुन आणि बालकृष्ण अभिमन्यू. लांबी जवळजवळ चार तास.

त्यातला रंगभूमीचा प्रसंग तेलुगू घराघरांत पाठ आहे. राजपुत्रांच्या अस्त्रपरीक्षेत कर्णाला कुळ विचारले जाते. तो मान खाली घालतो, आणि आसनावरून दुर्योधन उठतो. ही परीक्षा शौर्याची की जातीची, असा सवाल टाकून तो मान्यवरांच्या जन्मकथा एकामागून एक काढू लागतो. आवाज चढत जातो, वाक्ये लांबत जातात, आणि बसलेल्या वडीलधाऱ्यांची तोंडे उतरत जातात. हे संवाद कोंडवीटी वेंकटकवींचे.

गंमत अशी की, याचे बीज रेघेच्या वरचेच आहे. आदिपर्वातला दुर्योधन घड्यातून जन्मलेल्या द्रोणांची आठवण करून देतो आणि शूरांचा व नद्यांचा उगम कळणे कठीण, असे बजावतो. आपल्याकडे नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. दुर्योधनाने ऋषीच्या जागी शूर बसवला होता. मूळच्या मोजक्या श्लोकांचे वेंकटकवींनी धबधब्यात रूपांतर केले. ज्या प्रेक्षकांना रोजच्या व्यवहारात कुळ विचारले जात होते, त्यांनी तो धबधबा आपलाच मानला. पुढे पाचच वर्षांत रामारावांनी हैदराबादेत तेलुगू देशम पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत ते मुख्यमंत्री झाले.

परंपरा थांबलेली नाही. २७ जून २०२४ रोजी आलेल्या नाग अश्विन दिग्दर्शित 'कल्की २८९८ एडी'त अमिताभ बच्चनचा अश्वत्थामा आहे, आणि शेवटी नायक भैरवाच्या हाती धनुष्य येताच तो कर्ण असल्याचे उलगडते. ही भूमिका प्रभासची, म्हणजे १९७७ च्या कर्णाच्या, कृष्णम राजूंच्या पुतण्याची. ज्या कर्णाला कुळ नव्हते, त्याची भूमिका तेलुगू पडद्यावर घराण्यात चालत आली!

संशोधकांनी रेघेखाली टाकलेले लोकांनी पुन्हा उचलले, यात कोणाची चूक नाही. पंडिताने मूळ किती ते सांगायचे. बाकीच्यांनी कर्णाला काय हवे होते ते द्यायचे. एकाने त्याला अपमान दिला, एकाने द्रौपदीचे मन दिले, एकाने आवाज दिला, वेंकटकवींनी वकील दिला. दानशूर म्हणून आपण ज्याची ओळख सांगतो, तो महाभारतात भर रंगभूमीवर प्रथम उभा राहतो तेव्हा काही देत नाही. दुर्योधनाने देऊ केलेले अंगदेशाचे राज्य तो घेतो, आणि मित्रा, बदल्यात काय देऊ, असे विचारतो. दुर्योधनाला फक्त त्याची मैत्री हवी होती. आपल्यालाही त्याहून वेगळे काही नको आहे.