कुत्र्याला घाम येत नाही

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे पाच वाजले असतील. दवाखान्यासमोर भाड्याची जीप थांबली आणि चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी व ड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी धरून आत आणले. चेहरा लालबुंद, वाटेत दोन उलट्या झालेल्या, पोटऱ्यांत गोळे, नाडी मिनिटाला १३०, ताप १०२. मात्र विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तो नीट देत होता. नाव, शाळा, इयत्ता सगळे बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. पंख्याखाली निजवून अंग ओल्या फडक्यांनी पुसायला घेतले, सलाईन सुरू केले. पाऊण तासात पोराला हुशारी आली आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरकाका, ब्रुनो कुठंय?"

ब्रुनो जीपमध्येच होता. सहा वर्षांचा, खाऊनपिऊन गुबगुबीत झालेला लॅब्रॅडॉर. बापलेक त्याला घेऊन सकाळी दहाला बारी गावातून कळसूबाईला निघाले होते. लोखंडी शिड्यांवर त्याला उचलून घ्यावे लागले. बाराच्या सुमारास तो वाटेत फतकल मारून बसला. मुलाने आपल्या बाटलीतले पाणी त्याला पाजले, वडिलांनी साखळी ओढली, तो उठला आणि पुन्हा चालू लागला. शिखर थोडे राहिले असताना तो कोसळला. मग तीस किलोचे ते ओझे चादरीच्या झोळीत घालून दोघांनी भर उन्हात खाली आणले. मुलाची ती अवस्था या ओझ्याने आणि संपलेल्या पाण्याने झाली होती.

मी बाहेर गेलो तेव्हा कुत्र्याच्या हिरड्या विटकरी झाल्या होत्या, डोळे थिजले होते. दोन बादल्या पाणी ओतले. पशुवैद्यकांकडे नेईपर्यंत तो गेला. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचे औषधोपचार माझे काम नव्हे, हे खरे. पण तापलेल्या जीपमध्ये दुसरा जीव पाऊण तास पडून आहे हे मला दिसायला हवे होते. "एक बादली त्याच्यावर ओत," एवढे कंपाउंडरला सांगायला कितीसा वेळ लागला असता? ते राहून गेले. म्हणून आजचा हा लेख.

आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. चढण चढताना स्नायू जी उष्णता निर्माण करतात ती घामावाटे बाहेर जाते. घाम वाळतो, अंग निवते. उन्हात जोमाने चढणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. कुत्र्याला ही सोय नाही. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्याने अंग निवत नाही. त्याचा सगळा भार धापेवर. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो. जिभेवरची आणि नाकातली ओल वाळते आणि तेवढे रक्त थंड होते. पण धापा टाकणे हेही स्नायूंचेच काम, त्यातूनही थोडी उष्णता तयार होतेच. हवा दमट असेल, पळसाचे पान हलत नसेल, तर ओल वाळत नाही आणि धाप फुकट जाते. वरून अंगात केसाळ कोट!

कुत्रा आपल्यापेक्षा चपळ, चार पायांचा, तो कसला दमतो, असा आपला समज असतो. थंडीत तो खराच आहे. उन्हात मात्र लांबच्या चालीला माणूस कुत्र्यापेक्षा काटक ठरतो, तो घामामुळे. शिवाय कुत्रा आपल्यासारखा सरळ चालत नाही. पुढे धावतो, मागे येतो, झुडपात शिरतो. आपल्या एका कोसाचे त्याचे दीड-दोन कोस होतात.

दुसरा समज, डोंगरावर गार असते. हजार मीटर वर गेल्यावर हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. कळसूबाई आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पण चढण आठ-नऊशे मीटरची, म्हणजे फरक पाच-सहा अंशांचा. पायथ्याशी ३८ असेल तर माथ्यावर ३२-३३. हा आकडा सावलीतला, आणि मे महिन्यात सह्याद्रीवर सावली आहे कुठे? झाडांची पाने झडलेली, गवत वाळलेले, टाक्यांचे तळ दिसू लागलेले. काळा कातळ तव्यासारखा तापतो. आपले डोके त्या कातळापासून पाच फुटांवर असते, कुत्र्याचे पोट फूटभरावर. हाताची उलटी बाजू दगडावर टेकवून सावकाश सात आकडे मोजा. तेवढा वेळ हात ठेववला नाही तर त्या दगडावरून कुत्रा अनवाणी चालतो आहे हे लक्षात घ्या. पंजांची कातडी सोलून निघालेली कुत्री पशुवैद्यकांना उन्हाळ्यात नेहमीची आहेत.

आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे त्याची इमानदारी. महाभारतात धर्मराज हिमालय चढू लागला तेव्हा भाऊ गेले, द्रौपदी गेली, शेवटपर्यंत मागे राहिला तो कुत्रा. कथा सुंदर आहे, पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर तोच स्वभाव त्याचा जीव घेतो. दमलेला माणूस "बस झालं आता" म्हणतो. कुत्रा बसतो, तुम्ही हाक मारली की उठतो, आणि अंगात त्राण असेतो चालत राहतो. ब्रुनो बाराला बसला तेव्हाच त्याने सांगायचे ते सांगितले होते. त्या वेळी सावली शोधून, पाणी ओतून, ऊन उतरेपर्यंत थांबून मागे फिरले असते तर तो बहुधा वाचला असता.

तेव्हा ओळखायचे कसे? निरोगी कुत्र्याचे तापमान आपल्यापेक्षा थोडे जास्त, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०६ च्या घरात गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी होरपळू लागतात, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. पण थर्मामीटर कोण नेतो! जिभेकडे बघा. ती रुंद होऊन टोकाला पळीसारखी पसरली, लाळ घट्ट, तारा सुटणारी झाली, विश्रांती घेऊनही धाप कमी होईना, हाक मारल्यावर लक्ष देईना, की सहल तिथेच संपली असे समजा. हिरड्या गडद लाल होणे, झोकांड्या, उलटी, रक्ताचे जुलाब, झटके ही पुढची लक्षणे. जाड, म्हाताऱ्या, काळ्या आणि दाट केसांच्या कुत्र्यांना लवकर त्रास होतो. चपट्या नाकाच्या जातींना तर उन्हाळ्यात डोंगरावर नेऊच नये. २००३ साली हचच्या जाहिरातीत झळकल्यापासून पग घरोघरी आला. दिसायला गोड, पण त्याचे नाकच आखूड, तो धाप टाकणार कशी?

उपचारात आधी थंड करणे, मग नेणे. हा क्रम उलटा करू नये. सावलीत घ्या, जवळ असेल ते पाणी सगळ्या अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत ओता, टोपीने वारा घाला. बर्फाचेच पाणी हवे असे नाही. कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेले कोणतेही पाणी चालते. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी चाटू द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नका. क्रोसिनसारखी तापाची गोळी मुळीच नको. उष्माघाताचा ताप तिने उतरत नाही, माणसाचाही नाही, आणि कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. तरतरी आली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा, कारण मूत्रपिंडांची आणि रक्ताची खराबी कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसते. शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे.

माणसाच्या बाबतीत क्रम हाच. त्या मुलाला झाली ती उन्हाची ग्लानी. ताप १०४ च्या वर गेला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झिंगल्यासारखा चालू लागला, तर तो उष्माघात. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, असे पुष्कळांना वाटते. म्हाताऱ्या माणसांत तसे होते, पण चढताना कोसळलेल्या तरण्या माणसाचे अंग घामाने भिजलेलेही असू शकते. घाम आहे म्हणून गाफील राहू नका. त्याला भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही, पण भागतही नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या, दिवसभराच्या चढाईला माणशी तीन-चार लिटर. नुसते पाणीच ढोसत राहिले तर रक्तातले मीठ कमी होते, म्हणून अधूनमधून ताक, कोकम किंवा जलसंजीवनी घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

कुत्र्यासाठी साधे पाणीच, तेही आपल्या हिशेबात न धरता वेगळे दोन लिटर, आणि एक पसरट भांडे. खाण्याचे म्हणाल तर गडावर गेले की आपण कांदाभजी खातो आणि दोन त्याच्यापुढे टाकतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडे बिघडतात. चॉकलेटही नको. कोरडी भाकरी उत्तम.

वाडीवस्तीवरची कुत्री परक्या कुत्र्यावर धावून येतात आणि ती सोडवताना माणसाला चावा बसतो. असे रुग्ण माझ्याकडे दर मोसमात येतात, कोणी जखमेत हळद भरून, कोणी चुना लावून. दोन्ही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. जखम खोल असेल तर लसीखेरीज जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते, ते टाळू नये. आपल्या कुत्र्याचे रेबीजचे इंजेक्शन वेळच्या वेळी झालेले असावेच. आणि अंधार पडायच्या आत खाली या. आपल्या भागात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे.

उन्हाळ्यात जायचेच असेल तर झुंजूमुंजू होताना निघावे आणि नऊच्या आत पायथ्याशी परतावे. म्हणजे कळसूबाई नव्हे, जवळची एखादी टेकडी.

गेल्या महिन्यात त्या मुलाचा फोन आला. घरी नवे पिल्लू आणले आहे, सहा महिन्यांचे. "काका, याला मेमध्ये कुठं नेऊ?" असे विचारत होता. मी म्हटले, मेमध्ये घराच्या गच्चीवर, तेही संध्याकाळी. हाडे भरली की पुढच्या दिवाळीनंतर कळसूबाईला ने, आणि वाटेत दवाखान्यावरून जा, मला बघायचा आहे.